वार्तापत्राची लांबी ठरवण्याबाबत

संस्थेकडे सांगण्यासारखं काही असो वा नसो, वार्तापत्र असावंच लागतं. भाट्याच्या आमच्या मच्छीमार हितवर्धक मंडळाला हे जरा उशिरा उमगलं. पण उमगल्यावर मंडळानं हयगय केली नाही. अध्यक्ष आत्माराम मयेकर यांनी ऑनलाइन वार्तापत्राची लांबी व स्वरूप ठरवण्यासाठी सात जणांची उपसमिती नेमली. (पैकी तिघे मोबाइलवर वाचतात. बाकीचे तो वाजला तर उचलतात.)

पहिल्याच बैठकीत नासिर तांडेल थेट होडीवरून येऊन दारात उभा राहिला.

"भाऊ, खाडीच्या तोंडाशी उत्तरेच्या वाटेत वाळू भरलीय. ओहोटीला होडी वाळूला लागंल. दक्षिणेकडनं शिरा म्हणून सगळ्यांना कळवा."

"हा मजकूर झाला," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "मजकूर नंतर. आधी स्वरूप."

"एकच ओळ आहे," चिटणीस अजरा मुकादम म्हणाल्या. "आत्ता ग्रुपवर टाकते."

"एका ओळीला वार्तापत्र म्हणत नाहीत, अजराबाई. त्याला निरोप म्हणतात."

हा भेद इतका मूलगामी होता की तो इतिवृत्तात घेण्यात आला. अजराबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

पुढे बारा दिवसांत तीन बैठका झाल्या. एक पान उथळ वाटलं, दोन कंजूष, आणि आठ पानं शेजारच्या मंडळाची असल्यामुळे बाद झाली. अखेर अडतीस पानं एकमतानं मंजूर झाली. पहिली सहा अध्यक्षांच्या मनोगताला गेली (छायाचित्रं नऊ, समुद्र एकात). नासिरची ओळ एकतिसाव्या पानावर 'खाडीमुखातील वाळूसंचय : एक दृष्टिक्षेप' या लेखात, तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर सुखरूप पोचली.

वार्तापत्र सकाळी सातला निघालं. नऊला, ऐन ओहोटीत, अध्यक्षांचीच होडी उत्तरेच्या वाटेत रुतली, कलली आणि भरली. नासिरनं दोर टाकून चौघांना एकेक करून ओढून काढलं.

अध्यक्ष धावत किनाऱ्यावर आले. त्यांची होडी चालवणारा तांडेल लवू कुडकुडत होता.

"लवू, वार्तापत्र नाय मिळालं तुला?"

"मिळालं तर! सातपासनं उघडत होतं, भाऊ. गोल फिरत होतं. फिरता फिरताच बुडालं."

अध्यक्ष वाळूत बसले आणि बराच वेळ लवूचे गार हात चोळत राहिले. तेवढा वेळ ते अध्यक्ष वाटत नव्हते. (हा प्रकार इतिवृत्तात नाही.)

संध्याकाळपर्यंत ते सावरले आणि मंडळानं सभासदांचं मत मागवलं. दोनशे चौदांपैकी दोनशे नऊ जणांनी 'अंक संपूर्ण वाचला, लांबी योग्य आहे' या चौकटीत टिचकी मारली; प्रत्येकी सरासरी चार सेकंदांत. उरलेल्या पाचांपैकी चौघांचे फोन खाडीत होते. पाचव्या अजराबाई.

दोनशे नऊ जण खोटं बोलले, असा निष्कर्ष काढायला काही लोक टपलेले असतात. तो काढण्याआधी आपल्याच फोनवर 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत' यावर तुम्हाला किती सेकंद लागले, तेवढं मंडळाला कळवावं. एका ओळीत कळवलं तरी चालेल.