सुमंत सरांच्या अंगातला करंट

सुमंत सरांना एकटं राहण्यात काहीच अडचण नव्हती. असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. सगळ्यांना म्हणजे पेपरवाल्याला, आणि फोनवर बंगळूरच्या नीलांबरीला, म्हणजे स्वतःच्या मुलीला; कारण तिसरं कोणी विचारतच नव्हतं. चौतीस वर्षं श्रीगोंद्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. स्वयंपाक येतो, कपाटाची बिजागरी बसवता येते, गॅसची नळी बदलता येते. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा "आता जरा माणसांत राहतो" म्हणून त्यांनी नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माणसं होतीच. बाराच्या बारा फ्लॅट भरलेले होते. ती जिन्यात "काय सर, बरंय ना?" म्हणत आणि उत्तर यायच्या आत खालच्या मजल्यावर पोचत. सर बिचारे रोज उत्तर तयार ठेवून निघायचे.

आता लपवून काय करायचं, माणूस एकटेपणानं पार कोरडा पडला होता. संध्याकाळी सात ते नऊ घर त्यांना खायला उठे. टीव्हीवरच्या बातम्या देणारीला ते "असं कसं म्हणता बाई?" असं विचारू लागले होते, आणि ती थांबली की उत्तराची वाटही बघत.

म्हणून यंदा त्यांनी बेत केला. "संक्रांतीला अख्खी बिल्डिंग माझ्या हॉलमध्ये बसवतो की नाही बघ," त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलं.

"आणि कोणी नाही आलं तर, बाबा?"

"न येऊन जातील कुठं? तिळगूळ आहे."

नीलांबरीला काय वाटलं कोण जाणे, तिनं कुरियरनं एक गालिचा पाठवला. निळा, जाड, नायलॉनचा, कडेची हातभर फरशी सोडून हॉलभर होईल एवढा. फरशी गार पडते म्हणून सोबत लोकरीचे मोजे. सरांनी गालिचा अंथरला, मोजे चढवले, जिन्यात चिठ्ठी लावली, 'सर्वांना आग्रहाचे निमंत्रण, सायं. ६ ते ८', आणि संक्रांतीच्या दिवशी दुपारपासून त्या गालिच्यावर पाय घासत खुर्च्या इकडच्या तिकडे करत राहिले. नगरची जानेवारीतली हवा, ओठ फुटतील अशी कोरडी. लोकर आणि नायलॉन एकमेकांवर घासले की काय होतं, हे ज्यानं चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं त्याच्या लक्षात यायला नको? नाही आलं. लोक येणार या आनंदात कुणाला विज्ञान आठवतं?

सहा वाजले. साडेसहा वाजले. सरांनी बेल चालू आहे ना, हे दोनदा स्वतः दाबून पाहिलं. पावणेसातला ती दुसऱ्या कुणीतरी दाबली.

तळमजल्यावरचा मच्छिंद्र आला होता. श्रीगोंद्याकडचा ऊसवाला गडी, पोरांच्या शाळेसाठी नगरला राहिलेला. बरोबर बायको रुपाली आणि आई साळूबाई. साळूबाईंनीच ओढून आणलं असावं. गुडघे धरत दोन जिने चढून त्या धापा टाकत होत्या. तिघांनी चपला बाहेर काढल्या आणि दाराशी गार फरशीवर अनवाणी उभे राहिले. सर भरल्या डोळ्यांनी, हातात एक वडी घेऊन, गालिच्यावरून पाय घासत लगबगीनं आले.

"तिळगूळ घ्या, गोड गोड—"

चट्.

"आगं आयं गं," साळूबाईंनी हात मागे घेतला. वडी फरशीवर पडली.

"काय झालं, आये?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मास्तरनी चिमटा काडला."

रुपालीनं सासूकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि पदर सावरला. सरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "अहो, मी कशाला चिमटा काढू? शिव शिव. मच्छिंद्रराव, तुम्ही घ्या बरं." ते दुसरी वडी आणायला गालिच्यावरून टेबलापर्यंत गेले, परत आले, आणि मच्छिंद्रच्या बोटाला बोट लागलं. चट्.

"आये, चिमटा न्हाई," मच्छिंद्र हात झटकत म्हणाला, "करंट हाय. सर, तुमच्या घरात अर्थिंग न्हाई."

मच्छिंद्रच्या विहिरीवरची मोटर हंगामात दोनदा जळे, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री होती. त्यानं सरांचा मेन स्विच पाडला. अंधारात सरांनी "अहो, ऐका तरी" म्हणत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चट्. "आजून येतोय. खालनं येतोय." तो खाली धावला आणि त्यानं बिल्डिंगचाच मेन पाडला.

अकरा टीव्ही एकदम बंद पडले. अकरा दारं उघडली. "दुसऱ्या मजल्यावर करंट उतरलाय," एवढी बातमी पुरली. पाच मिनिटांत मोबाईलचे टॉर्च घेऊन पंचवीसतीस माणसं सरांच्या हॉलमध्ये. बसलं कोणीच नाही. गालिच्याला पाय लागू नये म्हणून सगळी भिंतीला चिकटून उभी. पण आली होती. सरांना गहिवरून आलं.

"घाबरू नका," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "ही स्थिर विद्युत. दोन वस्तू घासल्या की एकीतले इलेक्ट्रॉन दुसरीत जातात. लाइटशी याचा संबंध नाही. हे बघा, सिद्ध करतो. टॉर्च बंद करा."

त्यांनी गालिच्यावर चार फेऱ्या मारल्या आणि दाराच्या पितळी कडीजवळ बोट नेलं. अंधारात निळी ठिणगी उडाली, सगळ्यांनी पाहिली. सिद्ध व्हायचं ते झालं.

"बगा," मच्छिंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "समदी लाइट बंद हाय. म्हंजे करंट सरांच्या अंगातच हाय."

पुढचं व्याख्यान ऐकायला कोणी थांबलं नाही. पंचेचाळीस वड्या डब्यात राहिल्या. सरांनी रात्री एक खाल्ली, तीही स्वतःच स्वतःच्या हातावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेल वाजली. साळूबाई.

"मास्तर, काल तुमचा करंट बसला आन रातच्याला गुडगा लई दिसांनी दुकला न्हाई. आजून येक द्या."

"अहो साळूबाई, तो करंट नाही. त्यानं गुडघा बरा होत नाही. ते फक्त घर्षण—"

"आसंल. द्या."

दोन जिने चढून आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं? सरांनी फेऱ्या मारल्या आणि दिला. साळूबाई "हां" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. चहा झाला. उसाला तुरे आले, रुपाली भाजीत मीठ कमी टाकते, मालक गेले त्या साली विहिरीचं पाणी आटलं, असं सगळं बोलून दीड तासानं उठल्या. त्या गेल्यावर सरांनी दोन कप विसळले. एकाच्या जागी दोन कप विसळताना त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते पुन्हा एकदा विसळले.

आठवड्यात बिल्डिंगभर झालं. कुणाची मान, कुणाचा खांदा, कुणाचं मनगट. चौथ्या मजल्यावरचे बिभीषणराव तर सायटिकाला धरून यायचे आणि जेवायच्या वेळेला उठायचे. सर सकाळीच बिस्किटं आणून ठेवत. बेल वाजली की "आलो, आलो" म्हणत गालिच्यावर सहा फेऱ्या मारून मगच दार उघडत. मनात टोचत होतं. 'मी कुठं खोटं बोललो? पहिल्या दिवशी सांगितलं होतं की,' असं ते स्वतःला बजावत, आणि मोजे धुऊन वाळत घालत.

"नीलू, नंतर बोलू हं," एकदा ते फोनवर म्हणाले. "पेशंट बसलेत."

"पेशंट?"

"म्हणजे पाहुणे," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी साळूबाई बिस्कीट चहात बुडवत म्हणाल्या, "मास्तर, येक ब्येस झालं बगा. शुगरच्या गोळ्या बंद केल्या मी. तुमचा करंट आसल्यावर त्या कशाला गिळायच्या?"

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. "कधीपासून?"

"झालं की आठ दिस."

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. सांगितलं तर दार पुन्हा बंद, हे त्यांना लख्ख दिसत होतं. सात ते नऊ पुन्हा ती बातम्यांवाली. आणि नाही सांगितलं तर ही बाई एक दिवस चक्कर येऊन पडणार. रात्रभर ते कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, साळूबाईंना पहिल्या खुर्चीत बसवलं, आणि कंगवा, कागदाचे कपटे, जुना स्वेटर घेऊन उभे राहिले.

"स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट वाजतं की नाही?"

"वाजतं," सगळे म्हणाले.

"तेच हे. माझ्या अंगात काही नाही. मोजे गालिच्यावर घासतात. एकातले इलेक्ट्रॉन दुसऱ्यात जाऊन साठतात. हवा कोरडी, म्हणून ते हवेत झिरपून जात नाहीत. तुम्ही अनवाणी फरशीवर उभे, तुम्हाला हात लागला की—"

"आलं ध्यानात," साळूबाई म्हणाल्या. "घासलं की येकाचं उचलून दुसऱ्याकडं जातं. मग ते परत जायाला बगतं. वाट गावली की चट् करून जातं."

चौतीस वर्षांत एका विद्यार्थ्यानं हे असं एका दमात सांगितलं नव्हतं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "यानं शुगर जात नाही, गुडघाही बरा होत नाही. गोळ्या आजपासून सुरू. शपथ घ्या."

"घेतली. म्हंजे तुमी नसलात तरी चालतंय. गालिचा पायजे."

"हो," सर म्हणाले. "मी नसलो तरी चालतंय."

"आन गोळ्या घिऊन वरनं करंट घेतला तर काय आपाय?"

"अपाय काहीच नाही," सर म्हणाले. खोटं कसं बोलणार?

रुपालीनं तिथंच मोबाईलवर तसलाच गालिचा मागवला.

तीन दिवसांनी तळमजल्यावर कुरियर आला. चौथ्या दिवसापासून सरांची बेल वाजायची थांबली. रागानं नाही हो. सरांवर कुणाचा राग नव्हता. पण साळूबाईंकडे जिना चढायला लागत नव्हता, आणि रुपाली गरम भजी तळायची. खालून हसण्याचे आवाज यायचे, मध्येच "आगं आयं गं", मग परत हसणं. बिस्किटं सादळली. सरांनी ती एकट्यानं चहात बुडवून संपवली.

आठव्या दिवशी सव्वासातला सरांनी टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि खाली गेले. ओळीत सहा माणसं होती. सर बिभीषणरावांच्या मागे उभे राहिले. पाऊण तासानं नंबर लागला. साळूबाई लाल मोजे घालून गालिच्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"या मास्तर. तुमचं काय दुकतंय?"

सदुसष्टाव्या वर्षी सरांचं काहीच दुखत नव्हतं. गुडघे तर अगदी ठणठणीत होते.

"डावा गुडघा," सर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि उजवासुद्धा."

"दोनी म्हंजे येळ लागंल."

"मला घाई नाही," सर म्हणाले, आणि खुर्चीत बसून त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.