एका नंबराले एकच धनी

मागच्या वर्षी तायडेबाबूंना सणकून ताप भरला, म्हणून मी त्यांना पिंपळगाव राजा गावच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं सात नंबरचा प्लास्टिकचा बिल्ला हातात दिला. बाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"सकायी हा कोणाले देल्ला होता?"

"असंल कोणाले. काऊन?"

"मंग तो त्याचा झाला. मले नवा द्या."

रांग खोळंबली, बाया हसायला लागल्या. शेवटी कंपाउंडरनं वैतागून चिठ्ठीवर एकशे सात लिहून दिलं, तेव्हा कुठे हा गृहस्थ बाकावर टेकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वीज कार्यालयात माझं आणि त्यांचं टेबल शेजारी. उपकेंद्रांवरचं मीटर-रीडिंग रोज फाइलीत भरून कॉम्प्युटरवरून वरच्या कार्यालयाला पाठवायचं, हे त्यांचं काम. कोणी किती वीज दिली आणि कोणी किती घेतली, याचा मेळ तिकडे बसतो. प्रत्येक फाइलीला चढता नंबर. तोच नंबर पुन्हा गेला, की तिकडची मशीन फाइल न उघडताच 'आधीच आलेली' म्हणून परत पाठवते. बाबूंच्या हातून सतरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. "एका नंबराले एकच धनी," हे त्यांचं पालुपद. घरच्या गॅस सिलिंडरलासुद्धा ते खडूनं नंबर टाकतात. सध्या त्र्याण्णवावं चालू आहे.

यंदा आमच्या कार्यालयात नवी सिस्टीम आली. ती बसवायला पुण्याहून इंजिनिअर मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "काका, नवी सिस्टीम आहे, एकपासून सुरू करू."

बाबू खुर्चीतून उठलेच. "एक नंबर गेला हाये मॅडम! वडनेर उपकेंद्राची फाइल होती."

"सतरा वर्षांपूर्वीची फाइल आता कोण बघतंय?"

"मशीन पाह्यते ना."

मॅडमनी ऐकलं नाही. एक नंबर टाकून त्यांनी अमडापूरचं रीडिंग पाठवलं. दोन मिनिटांत ते परत आलं: आधीच आलेली. मला हसू आवरेना, पण बाबूंचा चेहरा पार उतरला. मग दुपारभर त्यांनी सगळ्या उपकेंद्रांना फोन लावले आणि जुन्या सिस्टीमचा शेवटचा नंबर पक्का केला. वडनेरच्या तीन फाइलींना नंबर मिळाले होते, पण त्या वाटेत अडकल्या होत्या. ते तीन नंबर त्यांनी कोणाला घेऊ दिले नाहीत.

मॅडम आता नरमल्या होत्या. "काका, नंबराचं एवढं मनाला का लावून घेता?"

बाबूंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माह्या आधी एक भाऊ झाला होता मले. दोन वर्साचा होऊन गेला. त्याचंच नाव मले ठेवलं, प्रल्हाद. माय 'प्रल्हाद' म्हणे, मी पयत जावो, अन् माय मले पाहून रडे. मी वेगळा आलो, हे तिले कधी समजलंच नाही."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मॅडमनी नवा नंबर टाकला आणि अमडापूरची फाइल पुन्हा पाठवली. आम्ही तिघंही पडद्याकडे पाहत राहिलो. 'स्वीकारली' असं उमटलं. बाबूंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"घेतली बरं का," ते मला हळूच म्हणाले. "उघडून पाह्यलं तिले."