पन्नास टक्क्यांची शिफारस

शिफारसपत्र लिहावं तर ते भागवत सरांनीच! हे मी सांगत नाही, अख्खी स्टाफरूम सांगते. म्हणजे सांगायची. आता मी आत आलो की सगळे वर्तमानपत्रात डोकं घालतात.

झालं असं. आमच्या कॉलेजात नाहिद नावाची मुलगी एम.एस्सी. फिजिक्सला पहिली आली. जालन्यात मस्तगडला तिच्या वडिलांचं, कमरोद्दीनभाईंचं, शिलाईचं दुकान. पोरीनं जुन्या सीडीचा तुकडा आणि दुकानातलं शर्टाचं खोकं एवढ्यावर प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा वर्णपटमापक बनवला. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा बरा चालतो! तीस वर्षांत असं डोकं मी पाहिलं नव्हतं. तिनं परदेशातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज केला. इकडे वाटूरच्या शाळेत नोकरीही चालून आली होती. तिकडून होकार आला तर फिजिक्स, नाहीतर जूनपासून आठवीला विज्ञान. सगळं शिफारशीवर अडलेलं. आणि शिफारस माझी!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी विद्यापीठाचा फॉर्म मोबाइलवर उघडला. वर ठळक सूचना : गोपनीय, अर्जदाराला दाखवू नये. बस्स! आमचे साहेब दरवर्षी आमचा गोपनीय अहवाल केबिनची कडी लावून भरायचे. मीही स्टाफरूमला आतून कडी घातली.

बाहेरून नाहिद म्हणाली, "सर, एक सांगू का? ते टक्क्याचं जरा..."

"एक शब्द बोलू नकोस! तू अर्जदार आहेस!"

"पण सर, ते उलटं..."

"नाहिद! गोपनीय म्हणजे गोपनीय!"



फॉर्ममध्ये आठ गुणांची यादी होती. बुद्धी, मेहनत, प्रयोगकौशल्य वगैरे. वर लिहिलेलं 'टॉप', खाली पर्याय : एक टक्का, पाच, दहा, पंचवीस, पन्नास. मी चक्रावलोच. जास्तीत जास्त पन्नास? काय कंजूष लोक! आमच्याकडे पस्तिसाला पोरं काठावर पास होतात, एक टक्का मी कुणाला देऊ? उत्तरपत्रिकेवर नुसतं नाव लिहिलं तरी दोन देतो! मी मन मोठं केलं आणि बुद्धीला पन्नास, मेहनतीला पन्नास, प्रयोगाला पन्नास, असे सात ठिकाणी पन्नास ठोकले. मग वाटलं, सगळीकडे सारखंच दिलं तर वशिला वाटेल. इंग्रजी संभाषणात पोरगी अडखळते. तिथं काळजावर दगड ठेवून एक टक्का दिला. आणि पाठवून दिलं.

कडी काढून म्हणालो, "जा, बॅग भर!"

दोन महिन्यांनी नकार आला.

माझं डोकंच फिरलं. मी विद्यापीठाला खरमरीत ईमेल लिहिला. आमच्या गुणवत्तेची तुम्हाला किंमत नाही, असं ठणकावलं. उत्तर आल्याबरोबर मोबाइल घेऊन तडक कमरोद्दीनभाईंचं दुकान गाठलं.

"नाहिद, मोठ्यानं वाच! माफीच मागितली असंल त्यांनी!"

तिनं मनातल्या मनात वाचलं. मग मोबाइल उलटा ठेवत म्हणाली, "जागा कमी होत्या म्हणे, सर."

"दाव इकडं!"

मी वाचलं. 'आपणच या विद्यार्थिनीला सात बाबतींत पहिल्या पन्नास टक्क्यांत, म्हणजे साधारण पातळीवर ठेवलं आहे. निवडलेले सर्वजण पहिल्या एक टक्क्यात होते. मात्र तिचं इंग्रजी संभाषण अद्वितीय असल्याची आम्ही नोंद घेतली.'

प्रयोगातली टक्केवारीची चूक कशी काढायची, हे शिकवण्यात माझी हयात गेली हो!

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दाराबाहेर तेच सांगून राह्यलते, सर."

कमरोद्दीनभाईंनी मशीन थांबवलं. "सर, पोरीला तुम्ही किती टक्के दिल्ते?"

"पन्नास," मी पुटपुटलो.

"पन्नास?" त्यांचा चेहरा पडला. "सर, अस्सीच्या खाली तर हिला पीटीच्या मास्तरनंबी कधी दिले न्हाईत!"

मला रडू आलं. खरंच आलं. दुकानात एक गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं होतं, तेही तसंच उभं राहिलं.

जूनमध्ये नाहिद जालन्याच्या बसस्टँडवर भेटली. हातात डबा, खांद्याला पिशवी, वाटूरच्या गाडीची वाट पाहत होती.

मी धीर करून म्हणालो, "पोरी, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. पत्र मी देतो. या वेळी बिलकुल बराबर भरतो!"

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"र्‍हाऊ द्या, सर. वाटूरवाल्यांनी कोणाचं पत्र मागितलंच न्हाई, म्हणून तर मी लागले."