पत्र्या मारलेले बूट

आमच्या जवळा बाजार गावातला नालबंद बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. माणसाच्या बुटाला त्याने जन्मात एकदाच पत्र्या मारल्या. ते बूट आमच्या शेजारच्या कासीमचाचांचे. धंदा शिंप्याचा, वय पन्नाशीचं आणि पोट वयाच्या चार पावलं पुढे.

निजामाच्या अमलातली गोष्ट. चाचा शिलाई मशीन आणायला हैद्राबादला गेले आणि तिथे इंग्रजी बोलपट पाहून आले. त्यातला हिरो बुटांनी टकटक करत नाचायचा म्हणे. झालं! तेव्हापासून चाचा छातीचं माप घेऊन झालं की टकटक गिरकी मारून पाठीचं घ्यायचे. गिऱ्हाइकाला घेरी यायची.

"चाचा, इंग्रजी कळली काय?" गिऱ्हाईक विचारायचं.

"काहून कळाया पायजे? पाय समदं सांगून राहिले व्हते, बराबर!"

मी शाळामास्तर. माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला. ऐन मुहूर्ताला उघडून पाहतो तर पुढून बेंबीपर्यंत आणि मागून गुडघ्यापर्यंत दोन शेपट्या! सासरे कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, कापड कमी पडलं व्हतं तर सांगायचं न्हाई का?" चाचा मात्र मांडवात डोळे पुसत होते. "हुबेहूब हिरो!"

बाजारच्या दिवशी ते बोलपटाची गोष्ट रंगवून सांगत. हिरो नाचतो, पोरगी रुसते. तो पुन्हा नाचतो, ती पुन्हा रुसते. "मग लग्न झालं का न्हाई?" असं कुणी विचारलं की चाचा गुपचूप कात्री उचलत. सगळा बाजार त्या उत्तरासाठी तळमळायचा, आणि सगळ्यांत जास्त मी.

लग्नानंतर एका दुपारी कोटाबद्दल भांडायलाच गेलो. दुकान बंद होतं, मागच्या अंगणात टकटक चाललेली. फरशीवर चाचा घामाघूम होऊन नाचत होते. समोर बाजेवर चाची बसल्या होत्या. देवीच्या साथीत त्यांची नजर गेली होती. त्या पत्र्या कुणासाठी होत्या, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

"आता हसली का ती?" चाचींनी विचारलं.

"तूच बोल."

"हसली. लग्नाला व्हय म्हणाली."

"बराबर!" म्हणत चाचांनी अशी गिरकी मारली की कोंबड्या पळाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, खरा शेवट काय?"

ते खाली बघू लागले. "कुणाला सांगू नका, मास्तर. मी अर्ध्यातूनच उठून आलो. इतकं ग्वाड चाललं व्हतं, आन् ही घरी. एकट्यानं पुढचं कसं पाहू?"

भांडण राहूनच गेलं. घरी येऊन तो कोट चढवला, बायकोला अंगणात बोलावलं आणि गिरकी घेतली. एक शेपटी तुळशीवृंदावनाला अडकली आणि मी आपटलो. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली.