अडीच हेलकावे

मेकॅनिकने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी तीनदा खालीवर झाली.

"बघा साहेब, एका हेलकाव्यात थांबायला पाहिजे. शॉकअप संपलेत. आज गाडी सोडा, परवा न्या."

गाडी सोळा वर्षांची होती. रविवारी तिच्यातून सासूबाईंना घरी आणायचं होतं. पाठीचं ऑपरेशन झालेलं. एकही दणका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सोडा की आजच इथे," सोबत आलेली बायको म्हणाली.

पण साहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. प्रमाणित वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय बावीस वर्षांत त्यांनी एकही काटा नापास केला नव्हता.

"तीन म्हणजे जास्त, हे कशावरून? बाकीच्या गाड्या किती घेतात?"

मेकॅनिकने हात पुसले. "मोजल्या नाहीत बुवा. ठरलं की कळवा."

मंगळवारी सकाळी निरीक्षक वही घेऊन इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरले. पहिली गाडी, साडेतीन. दुसरी, दोन. तिसरी दाबताच तिचा भोंगा कोकलायला लागला. वॉचमन धावत आला. त्याच्या मागोमाग, तोंडात ब्रश तसाच धरून, वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य.

"अहो, माझ्या गाडीवर काय रेलताय?"

"रेलत नाही, मोजतोय. तुमचे चार."

"चार काय?"

निरीक्षकांनी समजावून सांगितलं. दंतवैद्यांना वाईट बातमी द्यायची सवय होती, ऐकायची नव्हती. त्यांनी ब्रश बाहेर काढला. "सीरियस आहे का?"

"नापास."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. "काका, आमचीपण दाबा ना!" निरीक्षक दाबत गेले. अकरा गाड्या, चार-चार कोपरे, प्रत्येक कोपरा तीनदा.

"अहो, आपली कधी सोडताय?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"सरासरी निघू दे!"

सरासरी शुक्रवारी निघाली. अडीच. म्हणजे आपली गाडी सरासरीपेक्षा वाईट, दुरुस्ती आवश्यक. वहीत खाली रेघ मारून त्यांनी समाधानाने गॅरेजला फोन लावला.

"आता पुढच्या महिन्यात या, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्याच इमारतीतल्या नऊ गाड्या रांगेत आहेत. काय झालंय हो तिकडे?"

रविवारी सासूबाई घरी आल्या त्या दंतवैद्यांच्या गाडीतून. गॅरेजमध्ये सगळ्यात आधी नंबर त्यांनीच लावला होता. मागून पिशव्या आणि औषधं घेऊन निरीक्षकांची गाडी खडखडत आली.

"पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही हो," सासूबाई दंतवैद्यांना म्हणाल्या.

"कालच शॉकअप बदलले. तुमच्या जावयांनी सांगितलं म्हणून."

"मग त्यांनी स्वतःचे का नाही बदलले?"

"ते मोजत होते."

लेकीच्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत सासूबाई खोलीच्या दारात आल्या. पलंगावर त्यांच्यासाठी आणलेली नवी गादी होती. आणि तिच्यासमोर वाकून जावई उभे होते. त्यांनी गादीचा कोपरा दाबला, सोडला आणि मान तिरकी करून बघत राहिले.

"जावईबापू," सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मी आडवी होऊ, की आधी सगळ्या इमारतीतल्या गाद्या बघून येताय?"