टिपणीस डॉक्टर आणि बारा कॅन

मी लिहितोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि माझं लिखाण आजवर परीक्षेच्या पेपरापलीकडे गेलेलं नाही. पण टिपणीस डॉक्टरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या भांडुपच्या इमारतीत बाकी कुणाला सवड नाही.

माझ्या भाच्याच्या बारशाला डॉक्टरांनी बाळाला उचललं आणि बाळाने त्यांच्या नव्या शर्टावर धार सोडली. आई फडकं घेऊन धावली. डॉक्टर ओरडले, "थांबा वहिनी, हलवू नका त्याला! झकास! काय सरळ धार आहे!" मग त्यांनी ताईचं मनापासून अभिनंदन केलं. बाळाचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

डॉक्टर एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर संशोधन करत, शस्त्रक्रियाही करत. वय पंचेचाळीस, लग्न नाही. जिन्यात मूल दिसलं की नाव नाही, इयत्ता नाही, थेट, "काय रे, सकाळपासून किती वेळा?" पोरं धूम ठोकायची. "पळा, पळा," डॉक्टर मागून म्हणायचे, "मूत्रपिंड खोटं बोलत नाही!"

चौऱ्याऐंशी साली त्यांना निरोगी मुलांची मापं हवी होती. त्यांनी बारा घरांत प्लॅस्टिकचे कॅन वाटले. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची चोवीस तासांची सगळी कॅनमध्ये जमा करायची. कॅन जिन्याखाली रांगेने ठेवले होते, आणि तिथेच वाट लागली. कॅन होते आरपार दिसणारे. बायका येता-जाता वाकून बघू लागल्या.

"अगं, तुझ्या बंड्याचं एवढंसंच?" सामंतवहिनींनी माझ्या आईला विचारलं. बंड्या म्हणजे मीच.

"अजून दिवस संपलाय का?" आई म्हणाली आणि तरातरा घरात गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर प्रयोगशाळेतून लालबुंद होऊन आले. "ही मुलं आहेत की म्युनिसिपालटीचे नळ?"

चौकशीत कळलं, आपलं मूल कमी दिसू नये म्हणून बाराच्या बारा आयांनी पाणी घातलं होतं. आईने तांब्याभर. "पण उकळून, गार करून घातलं हो डॉक्टर," ती म्हणाली, "स्वच्छ असावं म्हणून."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा कॅन वाटले.

या वेळी अकरा कॅन ठीक भरले. तळमजल्यावरच्या आठ वर्षांच्या सुलूच्या कॅनचा जेमतेम तळ झाकला. तिची आई रडवेली झाली. "म्हणान तर मागच्या खेपेक पाणी घातलंय, डॉक्टरानू. माझ्या चेडवाचा कमी दिसाक नको."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सुलूला जवळ घेतलं आणि तिचे सुजलेले पाय बोटाने दाबून पाहिले.

पुढे दोन वर्षं औषधं चालली. तरीही तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीच. आता दुसऱ्या कुणाचं तरी बसवायचं, एवढाच उपाय उरला. सुलूची आई म्हणाली, "माझी दोन आसत ना? एक काढा." पण एवढ्याशा मुलीच्या पोटात मोठ्या माणसाचं मूत्रपिंड बसवायचं होतं. ते रुजेल का, याची खात्री डॉक्टरही देईनात. तो आठवडाभर त्यांनी जिन्यात कुणाला काही विचारलं नाही. पोरं पळायच्या तयारीने उभी राहायची आणि ते खाली मान घालून निघून जायचे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळी इमारत वाण्याच्या दुकानातल्या फोनपाशी. फोन आला, "ऑपरेशन झालं, पण अजून काही सांगता येत नाही." दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी सुलूच्या बाबांचा फोन मीच उचलला.

"चालू झाली रे नवी किडनी! पिशवी भरतेय बघ, दोनदा बदलली!"

मी दुकानात ओरडूनच सांगितलं. वाण्याने लाह्यांचं पोतं सोडून मला मिठी मारली. मग भीत भीत मी विचारलं, "आणि आपले डॉक्टर?"

"सुलूजवळ आहेत. जंतू लागतील म्हणून मला आत सोडत नाहीत, मी काचेतून बघतोय. तिची आई दुसऱ्या वॉर्डात. सुलू केसांना नर्सलाही हात लावू देईना. शेवटी डॉक्टरच बसलेत वेण्या घालायला, तोंडाला फडकं बांधून. तीनदा घातल्या, तीनदा सोडल्या. ती म्हणते, भांग वाकडा पडतोय."