टिपणीस सर म्हणाले, ‘चालणार नाही’

त्या रविवारी सकाळी प्रल्हाद टिपणीसांनी एक साधा निर्णय घेतला. आज दिवसभर तोंड उघडायचं नाही. उघडलंच तर चहापुरतं.

निर्णय साधा असला तरी माणूस साधा नव्हता. भौतिकशास्त्रातले डॉक्टर, उभी हयात कॉलेजात शिकवण्यात गेलेली, आणि विरारच्या मनवेलपाड्यात ख्याती अशी की सर जे म्हणतील त्याच्या बरोबर उलटं होतं. अशी ख्याती एका दिवसात मिळत नाही. त्यामागे तपश्चर्या लागते.

रंगीत टीव्ही आला तेव्हा सर म्हणाले होते, लोकांचे डोळे दुखतील, महिन्याभरात सगळे कृष्णधवलवर परत येतील. कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणाले, बँकेतल्या कारकुनाला उठवणारं यंत्र अजून जन्माला यायचंय. मोबाईलबद्दल त्यांचं मत असं की रस्त्यानं एकट्यानंच बडबडत चाललेल्या माणसाला लोक धरून ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवतील. पेजर मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकणार याची त्यांना खात्री होती, म्हणून त्यांनी दोन घेतले, एक स्वतःला आणि एक बायकोला, विनयाबाईंना. दोघांनाही निरोप घेता येत होता, पाठवता एकालाही येत नव्हता. (संसारात यात नवीन काही नाही, असं विनयाबाईंचं म्हणणं.)

आणि विरार! खाडीपलीकडे कोण राहायला जाणार, तिथे मिठागरं आणि कोल्हेच राहणार, असं सांगून सर दादरची भाड्याची खोली सोडायला तयार नव्हते. विनयाबाईंनी ऐकलं नाही, म्हणून आज डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे. आता खाली उतरून रस्ता ओलांडायचा तर गर्दीत फट सापडेपर्यंत सरांना ताटकळावं लागतं. त्या वेळात ते आपल्या भाकिताचा विचार करतात.

खालच्या गाळ्यात प्रितेशनं केकचं दुकान काढलं, तेव्हा सर कळवळून म्हणाले होते, “बाबा रे, या गल्लीत केक चालणार नाही.” आज प्रितेशच्या तीन शाखा आहेत आणि प्रत्येक वाढदिवसाला सरांना फुकट पेस्ट्री येते. तिथून गोष्ट हाताबाहेर गेली. जिमवाला आला, पार्लरवाली आली, क्लासवाले आले. सगळ्यांचं मागणं एकच. सर, फक्त एकदा मनापासून म्हणा, चालणार नाही. एकदा सर चिडले. समोरचा इस्त्रीवाला सज्जन होता, त्याला त्यांनी तत्त्व म्हणून खरं ते सांगितलं की तुझं उत्तम चालेल. दिवाळीच्या आत तो बिचारा गावी परतला.

तेव्हापासून ज्याचं भलं व्हावं असं वाटे त्याच्यापुढे सर गप्प बसू लागले. यंत्रांचं एक वेळ सोडा, पण माणसांचंही तेच. मुलाच्या, परेशच्या, लग्नात ते म्हणाले होते, ही दोघं वर्षभर टिकली तर पुष्कळ. ती दोघं मस्कतला सुखात आहेत. भाचीच्या लग्नात म्हणाले, दृष्ट लागावी असा जोडा आहे. तो जोडा आता फक्त वकिलांमार्फत बोलतो.

आणि आज रीमाचं ठरायचं होतं.

रीमा ही परेशची मुलगी. आईबाप मस्कतला, म्हणून शिकायला आजी-आजोबांकडे राहिली आणि त्यांचीच झाली. तिनं पसंत केलेला मुलगा जवळच्याच वटार गावचा. अल्पेश त्याचं नाव. चांगली नोकरी सोडून हा वडिलांच्या केळीच्या वाडीत परतला होता. मुलगा सरांना अतिशय आवडला होता, आणि घरात सगळ्यांना धास्ती होती ती नेमकी याचीच.

“आजोबा, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं आमच्याबद्दल?” रीमानं आदल्या दिवशी विचारलं होतं.

“तुमचं फार छान—”

“मेले मी,” असं म्हणून तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मग ठरलं की सरांनी बोलायचंच नाही. बोलणं अगदी टळेना, तर वाईट बोलायचं, तेही मनापासून. तोंडदेखलं वाईट लागू पडत नाही, हा अनुभव होता. वटारला जाताना रिक्षात सर सारखी चुळबुळ करत होते. चष्मा काढत, पुसत, पुन्हा घालत. अल्पेशमध्ये खोट सापडते का हे ते मनातल्या मनात शोधत होते, आणि जितकं शोधत तितका तो त्यांना अधिकच आवडत होता.

वटारला अल्पेशचे वडील श्रीपत आणि आई कृष्णाबाई अंगणात वाट बघत उभी होती. मोठ्या आंब्याच्या सावलीत सतरंजी घातलेली. पलीकडे, त्याच सावलीत, काच लावलेली एक उंच पेटी उभी होती. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची, तर ढग आले की माल काळा पडतो. त्यावर अल्पेशनं स्वतःच्या डोक्यानं हे यंत्र केलं होतं. आत पंखा, बाहेर सूर्याची वीज घेणारी काळी पट्टी. आज सोयरीक जुळली की मुहूर्तानं ते सुरू करायचं होतं.

चहापाणी झालं. परेशला मस्कतहून व्हिडिओ कॉलवर घेऊन फोन तांब्याला टेकवून उभा केला. (व्हिडिओ कॉलबद्दल सर म्हणाले होते की घरच्या लेंग्यात दिसायची हौस कोणाला असणार?) श्रीपतनं अडकित्त्यात सुपारी धरली आणि सरांकडे वळून म्हणाला, “बोला मास्तर. चालंल ना?”

सरांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“ते कमी बोलतात,” विनयाबाई घाईघाईनं म्हणाल्या. (चाळीस वर्षांतले विद्यार्थी यावर हसले असते.)

“कमी बोलूं दे,” कृष्णाबाई म्हणाली, “पन एक शब्द तरी बोलूं दे. मुलीच्या घरचा थोरला तोंडानं बोलल्याबिगर आमच्यात सुपारी फोडत नाय. मुकी सोयरीक होत नाय.”

पेला रिकामा झाला. सगळे सरांकडे बघत होते. सर घाबरून रीमाकडे बघू लागले, आणि तिच्याकडे बघता बघता देव धावून आल्यासारखी त्यांना एक खरीखुरी शंका आली. ही मुलगी रविवारी ऊन गॅलरीत आल्याशिवाय उठत नाही. गांडूळ दिसलं की खुर्चीवर चढते. आणि ही वाडीत पहाटे पाणी द्यायला जाणार? शंका खरी होती. आतून आली होती. सरांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

“नाही,” ते मनापासून म्हणाले. “हे चालणार नाही. वर्षभरसुद्धा नाही.”

विनयाबाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, “सुटले बाई.” रीमा धावत येऊन आजोबांच्या पाया पडली. मस्कतहून परेश “वा, बाबा!” म्हणून दोन्ही हात वर करून नाचला आणि नेटवर्क गेल्यामुळे तसाच थिजून राहिला.

श्रीपतच्या हातातला अडकित्ता उघडाच होता. यंत्राची काच पुसत असलेला अल्पेश हातात फडकं घेऊन उभा राहिला, त्याचा चेहरा त्या फडक्यासारखा झालेला. रीमानं आजोबांचा हा गुण त्याला सांगितलाच नव्हता. लग्नाआधी माणूस काय काय सांगणार?

“नाय तर नाय,” श्रीपत हळूहळू म्हणाला. “जबरदस्ती कोन करतोय? पन मास्तर, नाय म्हटल्यावर पोरगी पाया कशाला पडते?”

मग विनयाबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी टीव्हीपासून सुरुवात केली. कॉम्प्युटर झाला, मोबाईल झाला, विरार झालं, प्रितेशचा केक झाला, भाची झाली. सर समोरच्या केळीच्या घडाकडे बघत बसले. नातीच्या लग्नासाठी आपला सगळा मूर्खपणा परक्या अंगणात असा वाळत घालावा लागेल, हे भाकीत मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं. कृष्णाबाई मन लावून ऐकत होती. पेजरची गोष्ट तिनं पुन्हा एकदा सांगायला लावली.

“म्हंजे मास्तर नाय बोलले की होतोच?” श्रीपतनं विचारलं. “एकदापन बरोबर आले नाय?”

“एकदाही नाही,” विनयाबाई म्हणाल्या. नवऱ्याविषयी चारचौघांत इतक्या अभिमानानं त्या प्रथमच बोलत होत्या.

कृष्णाबाई उठली. “ऐकीव गोष्ट हाय. पारखून घेऊ. तो डबा आज पयल्यांदा लावायचाय. मास्तरांनी सांगायचं, चालंल का नाय. चुकले तर सुपारी फोडा.”

सर यंत्राभोवती फिरू लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि ते पट्टीपाशी थबकले. काळी पट्टी आख्खी आंब्याच्या सावलीत होती. ऊन नाही तर वीज नाही, वीज नाही तर पंखा नाही. हे भाकीत नव्हतं, हे पदार्थविज्ञान होतं. यंत्र चालणार नव्हतं. आणि तसं सांगितलं तर आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर ठरणार, म्हणजे मघाचं ‘वर्षभरसुद्धा नाही’ हेही खरं धरलं जाणार, आणि सुपारी ताटात परत जाणार. रीमा पदराचं टोक चावत उभी होती. (पदर आजीचा होता.)

सरांनी छाती भरून श्वास घेतला. “चालेल,” ते म्हणाले. “उत्तम चालेल.”

“आजोबा, काय करताय?” रीमा कुजबुजली. सरांनी तिला डोळा मारला. आयुष्यात कधी मारला नसल्यामुळे दोन्ही मिटले.

अल्पेशनं बटण दाबलं. पंखा फिरला. नुसता फिरला नाही, भिंगरीसारखा फिरला. आतल्या केळ्यांवरचं फडकं उडून काचेला चिकटलं.

विनयाबाई खाली बसल्या. श्रीपतनं सुपारी अडकित्त्यातून काढून ताटात ठेवली. “मास्तर तर बरोबर निघाले,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बोलताना वाईट वाटलं.

“थांबा,” सर म्हणाले. “पट्टी सावलीत आहे. पंखा फिरला कसा?”

“खाली बॅटरी आहे ना, आजोबा,” अल्पेश म्हणाला. “काल दिवसभर उन्हात ठेवून भरली.”

बॅटरी. शेतकऱ्याच्या अंगणात सूर्याची वीज डब्यात भरून ठेवण्याचा दिवस आपल्या हयातीत येणार नाही, असं सरांनी किती वर्गांना शिकवलं होतं. सर ताठ उभे राहिले.

“श्रीपतराव, मी खोटं बोललो. हे चालणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती. चुकावं म्हणून मी मुद्दाम उलटं सांगितलं.”

कृष्णाबाईनं बोटांवर जुळवून बघितलं. “मनात नाय होतं. बोलले हो. नि तो चालला.” तिनं शेवटचं बोट दुमडलं. “म्हंजे मनातला चुकला?”

“साफ चुकलं,” सर म्हणाले. डॉक्टरेट घेतानाही ते इतक्या रुबाबात उभे नव्हते.

“आनि खोटा बोलायला गेले, तोपन जमला नाय,” कृष्णाबाई म्हणाली, आणि इतकी हसली की तिला आंब्याला टेकावं लागलं. “फोडा ओ सुपारी. असा मानूस परत गावायचा नाय.”

कट्‌ असा आवाज झाला. मस्कतचा परेश हलला, वर केलेले हात त्यानं खाली घेतले आणि विचारलं, काय झालं.

मे महिन्याच्या शेवटी मुहूर्त निघाला. मांडव याच अंगणात घालायचा. निघताना श्रीपत सरांना बाजूला घेऊन गेला आणि अगदी आदबीनं म्हणाला, “मास्तर, तुम्ही शिकलेले. मेअखेरीला पाऊस लागंल का हो?”

कितीतरी वर्षांत कोणी सरांना असा आदरानं प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी आकाश पाहिलं. वाऱ्याची दिशा, समुद्राचं तापमान, सगळं त्याला सविस्तर समजावून दिलं. “मे महिन्यात?” ते शेवटी म्हणाले. “एक थेंब पडायचा नाही.”

श्रीपतनं समाधानानं मान डोलावली आणि तिथूनच हाक दिली, “अल्पेश, अर्नाळ्याच्या कोळ्यांना फोन लाव. होड्यांवरची ताडपत्री सांगून ठेव. मोठ्यातली मोठी.”